यादी नाही पाठवत बे

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज तीनदा वाचला. काकांच्या नावानं आपल्या शाळेला दहा हजाराची पुस्तकं द्यायची, नववी-दहावीला चालतील अशी यादी पाठव, मी पुण्यातूनच घेऊन पार्सल करतो म्हणतोस. बरं वाटलं खूप. पण यादी काही मी पाठवत नाही, आता काऊन ते सांगतो, लांबेल जरा.

लायब्ररीचा चार्ज मागच्या वर्षी माझ्या गळ्यात पडला. ऑफिसातलं ते हिरवं लोखंडी कपाट आठवते ना, तेच आहे अजून. उघडलं तर खालच्या कप्प्यात उधई, आणि वरच्या कप्प्यात कोणीतरी शहरात घर खाली करताना पाठवलेली खोकी. त्यात विणकाम, शेअर बाजार, २००९ चं स्पर्धा परीक्षेचं गाईड, आणि थोरामोठ्यांची चरित्रं, त्यातले सगळेच लहानपणी गरीब आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारे. आमच्या पोरांना गरिबी काय असते ते पुस्तकातून सांगायची गरज आहे का बे?

मग मी शहाणपणा केला. चांगली चांगली, बक्षीस मिळालेली पुस्तकं निवडून २३ घेतली. चार महिन्यांत पाच बाहेर गेली, त्यातली दोन मीच नेलेली. पुस्तकं झकास होती, पण खरं सांगू, ती मी तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायलाच जास्त घेतली होती.

वर्गात पोरं कशी आहेत ते लक्षात घे. नववीत ४२ जण, त्यातले दहा-बारा अजून अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्यांना २०० पानांची कादंबरी दिली की ती दप्तरात जाऊन तशीच परत येते, आणि सोपं म्हणून हत्ती-ससा असलेलं दिलं तर मिशी फुटलेला पोरगा ते हातात धरायला लाजतो. म्हणजे बारीक पाहिजे, मोठ्या अक्षराचं पाहिजे, पण विषय पोट्ट्यांच्या वयाचा पाहिजे, आणि असं मराठीत शोधता शोधता नाकी नऊ येतात. सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक कोणतं सांगू? सापांचं. नाग, मण्यार, घोणस कशी ओळखायची, फोटोसकट. सोयाबीनच्या गंजीखाली घोणस निघाली आणि बोट ठेवून वाचणाऱ्यांतलाच एक जण दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला आला. घरी बापाला वाचून दाखवलं म्हणे. मी शिकवून जे झालं नाही ते घोणशीनं केलं!

फुकट मिळणारंही पुष्कळ आहे. बालभारतीचं 'किशोर' आपण वाचायचो ना, १९७१ पासूनचं मासिक, त्याचे जुने अंक नेटवर तसेच फुकट आहेत. स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे. मोबाईलवर पीडीएफ देऊन पाहिली, पण तिसऱ्या पानावर पोरगं रील्समध्ये जाते. म्हणून तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडून ब्लॅक अँड व्हाईट काढून, मधात स्टेपल मारून, वर्गात दोरी बांधून त्यावर टांगतो. कपाटाची चाबी मागायला ऑफिसात जायची कोणाची हिंमत होत नाही, दोरीवरचं कोणीही ओढून नेते. हरवते थोडं. शाळेच्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरचं काय करायचं ते मी पाहतो.

एक गंमत. वयात येताना शरीरात काय बदल होतात त्यावर एक छान पुस्तक आणलं, तीन आठवडे दोरीवर लटकत होतं, पोरी त्याच्याकडे पाहतही नव्हत्या. मग एका शनिवारी सगळ्याच पुस्तकांना खाकी कव्हर घातले, आतल्या पानावर नाव लिहिलं. सोमवारी ते गायब. आता ते कोणाकडे असते मला माहीत नाही आणि मी विचारत पण नाही.

आणि खरी गोष्ट तर दीक्षाभूमीची. आपल्या गावात ज्यांच्या घरी पुस्तकांची फळी आहे अशी घरं बहुतेक वस्तीतलीच, तुलाही माहीत आहे, कारण दसऱ्याला नागपूरला गेले की परत येताना पिशवीत पुस्तकं असतातच, तिथं पुस्तकांचे स्टॉल किती लागतात ते एकदा डोळ्यानं पाहा. तर गेल्या दसऱ्याला जाणाऱ्या पाच पोरांना मी २००-२०० रुपये दिले, म्हटलं तुम्हाला आवडन ते आणा, फक्त बिल आणा. एकीनं सावित्रीबाईंवरचं आणलं, एकानं संविधानाची छोटी प्रत, एकानं गणिताच्या ट्रिका, एकीनं जोक्सचं पुस्तक आणलं, आणि पाचव्यानं चाळीस रुपयांची भूताची गोष्ट आणून बाकीच्याची भेळ खाल्ली, तसं सांगितलंही. जोक्सचं फाटेपर्यंत वाचलं गेलं. माझ्या २३ पेक्षा ही पाच जास्त फिरली.

आपल्या बोलीचंही सांगतो. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, वऱ्हाडी बोलणं आहे त्यात. त्यातलं एक पान मी मोठ्यानं वाचलं तर पोरं आधी हसली, मग एक जण म्हणते, सर, हे तं आमची आजी बोलते तसं आहे, पुस्तकात चालते का? स्टाफरूममध्ये एकानं नाक मुरडलंच, अशुद्ध भाषा शिकवता काय म्हणून. पूर्ण कादंबरी मी नववीला देणार नाही, जड आहे, पण तेव्हापासून नवीन पुस्तक घ्यायच्या आधी वर्गात एक पान वाचतो, ऐन मोक्यावर थांबतो. 'पुढं?' असं कोणी म्हटलं तरच घेतो.

म्हणून तू पार्सल करू नको. पैसे थोडे थोडे पाठव, दोन-अडीच हजार दसऱ्याच्या आधी, तेवढेच दिवाळीच्या सुट्टीनंतर, कारण कापूस वेचायला लागले की निम्म्या पोरी गैरहजर असतात, त्या परत आल्या की त्यांनाही निवडायला मिळालं पाहिजे. उरलेले जूनच्या शेवटी शाळा उघडली की. आणि काकांचं नाव मोठ्या स्टिकरवर नको, आत पेन्सिलनं लिहू. पारावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे ते, लोक मधातच म्हणायचे हे नको, भावाचं वाचा, आणि काका मुकाट्यानं पान उलटून कापसाच्या भावाचं वाचायचे.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा. दिवाळीत येशील तेव्हा एक काम कर. जुन्या रजिस्टरात दहावी ब मध्ये तुझ्या नावापुढं एक पुस्तक आहे, परत केल्याची सही नाही. ते आण.

तुझाच,
मास्तर