जाहीरनाम्याआधी हिशेबाची वही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तुमच्याकडे आश्रयाला आलेल्या राजकीय कार्यकर्त्यांचे एक मंडळ उभे करावे असे तुझ्या मनात आहे आणि त्याचा जाहीरनामा कसा असावा, हे तू विचारले आहेस. स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. जाहीरनाम्याने सुरुवात करूच नकोस. देश सोडावा लागलेल्या माणसाचे घर, पेशा, पासपोर्ट असे सगळे मागे राहिलेले असते. मते तेवढी शाबूत असतात आणि हाती दुसरे काही न उरल्यामुळे ती अधिकच टोकदार झालेली असतात. अशा वीस जणांना एका मसुद्यावर सह्या करायला बसवलेस, तर पहिल्याच बैठकीत एका मंडळाची तीन मंडळे होतील.

हे दुखणे जुने आहे. 1848च्या क्रांत्या फसल्यावर लंडनला पोहोचलेल्या जर्मन निर्वासितांसाठी जी मदत समिती होती, तिच्यात मार्क्स आणि एंगेल्स दोघेही काम करत. समिती फक्त स्वतःच्या पक्षाच्या लोकांना पैसे देते, असा आरोप झाला आणि तिला जाहीर खुलासे करावे लागले, जमाखर्च प्रसिद्ध करावा लागला. पुढे सप्टेंबर 1850मध्ये त्यांची क्रांतिकारी संघटना, कम्युनिस्ट लीग, फुटली, तेव्हा या दोघांनी समितीही सोडली. उपाशी निर्वासिताला त्या फुटीचे काय सोयरसुतक असेल, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

आमच्याकडच्या निर्वासितांच्या मंडळात हिशेबाची वही माझ्या हाती आली, ती मी हुशार आहे म्हणून नव्हे, तर मी निर्वासित नाही आणि कोणत्याच गटाचा नाही म्हणून. त्याआधीच्या वर्षी एका बाईंचे घरभाडे अडवले गेले होते. पैसे होते, पण त्यांनी पक्ष सोडला होता आणि निधी ज्यांच्या ताब्यात होता त्यांना ते विसरता येत नव्हते. बाईंनी वाद घातला नाही; त्या यायच्याच बंद झाल्या. कोणाच्या तरी खोलीत जमिनीवर झोपून त्या दिवस काढत आहेत, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. त्या लाजेतून आमचे नियम झाले. मदत मागणाऱ्याला मत विचारायचे नाही. पैसे देण्याचा निर्णय तिघांनी घ्यायचा आणि ते तिघे वेगवेगळ्या गटांतले असावेत. काम लागल्यावर जमेल तसे परत करावे, तगादा लावू नये. हिशेब सर्वांसमोर मांडावा, पण त्यात रकमा असाव्यात, नावे नसावीत, कारण नावांची यादी खबऱ्याच्या हाती लागली तर तिची किंमत मायदेशी राहिलेले नातेवाईक मोजतात.

भीती खोटी नसते, हे तुला मुद्दाम सांगायला हवे. चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिए यांना 1976मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोटारीत बॉम्ब ठेवून मारले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट 1982मध्ये मोझांबिकमधल्या मापुतोत टपालाने आलेल्या स्फोटकाने मारल्या गेल्या. म्हणून दक्षता हवीच. मात्र दक्षतेतून कुजबूज सुरू झाली की मंडळ आतून पोखरते. 'अमका त्यांचा माणूस आहे' एवढे एक वाक्य हेराशिवायही हेराचे काम करते. ज्याला शंका असेल त्याने ठरलेल्या दोघांनाच सांगावे, बैठकीत बोलू नये, असे आम्ही ठरवले आहे. ते नेहमी पाळले जाते असे मात्र म्हणवत नाही.

कायद्याची बाजू तुझे वकील सांभाळतील. 1951च्या निर्वासितविषयक करारातील तेहतिसावे कलम, म्हणजे जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत न धाडण्याचे बंधन, प्रत्येकाला त्याच्या भाषेत समजावून सांगा. सुनावणीला कोणालाही एकटे पाठवू नका. दुभाषी त्याच देशाचा असला तर अर्जदार पुष्कळदा त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, हेही आधीच वकिलांच्या कानावर घाला.

पण मंडळाची खरी परीक्षा रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची असते. आई गेली, आणि जाता येत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्यातील एकाने फोनच्या पडद्यावर वडिलांचा अंत्यविधी पाहिला. संपर्क मध्येच तुटला आणि पुन्हा जुळलाच नाही. त्या खोलीत त्याच्या शेजारी बसलेल्यांत एक जण असा होता, ज्याच्याशी तो दोन वर्षे बोलत नव्हता. तो पहाटेपर्यंत बसला, एक शब्दही न बोलता. पुढच्या बैठकीत दोघे पुन्हा भांडले, हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी गोष्ट गोड केली असे तू म्हणशील.

आणि मुलांना विसरू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोच्या 1976च्या उठावानंतर शेकडो तरुण देशाबाहेर पडले, तेव्हा वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने टांझानियात मोरोगोरोजवळ मझिम्बू येथे शाळा उभारली आणि 1979मध्ये फाशी गेलेल्या सॉलोमन माहलांगूचे नाव तिला दिले. तिथे वर्गांबरोबर पाळणाघर, दवाखाना, शेती आणि कार्यशाळाही होत्या. परत केव्हा जायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी लहान मुलांची सोय त्यांनी 'परतल्यावर बघू' म्हणून टाळली नाही. आमच्याकडे ती टाळली गेली. शनिवारचा भाषावर्ग सहा वर्षे उशिरा सुरू झाला आणि तोवर मोठी मुले आईवडिलांना परक्या भाषेत उत्तरे देऊ लागली होती.

पहिल्या बैठकीला किती जण आले ते कळव. वहीचे रकाने कसे आखले आहेत, त्याची प्रत सोबत जोडली आहे. तिसरा रकाना कोरा का ठेवला आहे, हे भेटल्यावर सांगेन.

तुझाच,
जुना मित्र