कुलूप आहे, सायकल बांधायची कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायकलचोरीवरील कालच्या बातमीत सारा दोष पालकांच्या आणि मुलांच्या निष्काळजीपणावर टाकलेला वाचून संताप आला. केबल लॉक, म्हणजे लवचिक तारेचे कुलूप, साध्या कटरने क्षणात तुटते आणि मागच्या चाकाला नुसते कुलूप घातले तरी सायकल उचलून नेता येते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु पक्के कुलूप घेतल्यावर सायकल बांधायची कशाला, याविषयी बातमीत एक ओळही नाही.

माझ्या मुलीला आम्ही पोलादी यू-लॉक, म्हणजे इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे जाड कुलूप, घेऊन दिले होते. फ्रेम आणि मागचे चाक एकत्र घेऊन ते पक्क्या लोखंडी गजाला अडकवायचे, आत पहार शिरेल एवढी फट ठेवायची नाही, हातोड्याचा घाव बसू नये म्हणून कुलूप जमिनीला टेकू द्यायचे नाही, हे सारे ती कटाक्षाने पाळत असे. कॉलेज रोडवरील तिच्या क्लासने मात्र दर्शनी भाग खराब दिसतो म्हणून रेलिंगला सायकली बांधण्यास बंदी केली आणि इमारतीमागे पुढचे चाक अडकवण्याचे स्टँड आणून ठेवले. ते जमिनीत रोवलेले नाही, फ्रेम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि अनेक सायकलींचे पुढचे चाक तर खटका सोडला की हाताने निघते. तेथूनच तिची सायकल कुलपासकट उचलून नेली. व्यवस्थापकांनी ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ या पाटीकडे बोट दाखवले. जबाबदारी आमची असेल, तर ती पार पाडण्यास मनाई करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

तक्रार देताना आणखी एक गोष्ट कळली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. फ्रेमवर कोरलेला क्रमांक आणि खरेदीची पावती जपून ठेवण्याचा सल्ला आपण देता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जुन्या सायकलवर जाणाऱ्या कामगाराने तो क्रमांक कोणाला दाखवावा?

क्लास आणि व्यापारी संकुलांच्या वाहनतळांत काँक्रीटमध्ये रोवलेले, उलट्या यू आकाराचे खांब महापालिकेने बंधनकारक करावेत. आपल्या वार्ताहरानेही कॉलेज रोड व गंगापूर रोडवर फिरून असे खांब किती आहेत, ते मोजून छापावे.

आपली,
एक पालक, नाशिक