आधी त्याचं पोट, मग आपली फरशी

अनगोळ, बेळगाव
रविवार दुपार

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

राणाला, तुझ्या त्या मुधोळ जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला, मुधोळला परत नेऊन द्यायचा विचार तेवढा बाजूला ठेव. फोनवर तू घाईत होतास, मागून आईंचा आवाज येत होता, आणि मला सांगायचं होतं त्यातलं निम्मंसुद्धा बोलून झालं नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. हे पत्र आईंना आणि वहिनींनाही वाचून दाखव. पिल्लू तू आणलंस, पण दिवसभर फडकं घेऊन त्याच्यामागे त्या दोघी फिरतायत.

तू म्हणालास, घरामागच्या परड्यात नेलं की नुसतं हुंगत बसतं आणि आत आलं की सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, करतं, याला काही केल्या कळतच नाही. मग जाता जाता म्हणालास, "आणि होतंय पण सगळं पातळच." दत्ता, खरी गोष्ट तीच आहे आणि ती तू शेवटी बोललास. तब्येतीनं ठणठणीत असलेलं पिल्लूसुद्धा फार वेळ धरून ठेवू शकत नाही. ढोबळ हिशेब असा की वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास. म्हणजे तुझ्या अडीच महिन्यांच्या राणाला जास्तीत जास्त साडेतीन तास, तेही झोपलेला असताना आणि तेही लघवीचे. खेळताना तर अर्धा-पाऊण तासही निघत नाही. त्यात जुलाब लागले की दारापर्यंत जायलाही सवड मिळत नाही. जे त्याला आवरतच नाही, ते शिकवलेलं कळलं तरी तो करणार काय? म्हणून आधी पोट धरायचं. शिकवण सोबत चालू दे, पण पोट बरं होईपर्यंत तिची परीक्षा घ्यायची नाही.

उद्या सकाळी उठल्या उठल्या त्याला जनावरांच्या दवाखान्यात ने. जाताना ताजी शी एका स्वच्छ झाकणाच्या बाटलीत घे, चमचाभर पुरे. पिल्लांच्या पोटात जंत असणं ही नवलाची गोष्ट नाही. ते आईच्या पोटातूनच येतात, दुधातूनही येतात. त्यामुळे जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिने होईपर्यंत महिन्याला एकदा, असं देतात. मुधोळला त्याला काय दिलं, कधी दिलं, हे ज्याच्याकडून आणलंस त्याला फोन करून विचार आणि डॉक्टरांना सांग. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाजे द्यायची नाही. जिआर्डिया, कॉक्सिडिया असले सूक्ष्म जीव तर डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शकच लागतो. जिआर्डिया रोजच्या शीत सापडेलच असं नसतं, म्हणून एकदा तपासणी स्वच्छ आली आणि जुलाब चालूच राहिले तर दुसऱ्यांदा तपासायला सांग. आणि माणसाची जुलाब थांबवायची गोळी मेडिकलमधून आणून अर्धी करून देऊ नकोस. कुणीही सांगू दे, देऊ नकोस.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे. राणाचं लसीकरण अजून पुरं झालेलं नाही. उलटी, रक्ताची किंवा भयंकर वासाची पातळ शी, खाणं बंद आणि पिल्लू मलूल, यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर तो पार्वो, म्हणजे आतड्याला होणारा विषाणूचा रोग, असू शकतो. त्या वेळी सकाळची वाट बघायची नाही आणि "कोल्हापूरला मोठा डॉक्टर आहे" म्हणून हायवेला गाडीही घालायची नाही. निपाणीत जो जवळ भेटेल त्याच्याकडे आधी सलाइन सुरू करून घे, पुढचं पुढे. हा रोग १९७८ च्या सुमारास जगाला पहिल्यांदा ओळखू आला, आणि अजूनही लस न झालेल्या पिल्लांना तो सगळ्यात जास्त मारतो. विषाणू मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. फिनेलनं तो मरत नाही, पाण्यात मिसळलेल्या ब्लीचनं मरतो. म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास होईपर्यंत त्याला रस्त्यावर, बाजारात, गल्लीतल्या कुत्र्यांत सोडायचं नाही. रेबीजची लस तीन महिन्यांची, ती वेगळी. तोवर त्याचं बाहेर म्हणजे तुमचं परडं. तुमचं परडं चारी बाजूंनी बंद आहे, हे फार चांगलं झालं.

खाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आपल्याकडे पिल्लाचं पोट बिघडतं ते बहुतेक वेळा मायेनं. आई त्याला वाटीभर दुधात चपाती कुस्करून देतात, हो ना? आईचं दूध सुटलं की पिल्लांना दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, आणि गाईम्हशीच्या दुधात ती कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते. काहींना चालतं, राणाला चालत नाहीये. दूध आजपासून बंद. तांबड्या रश्शातली भाकरीही बंद, कारण तिखट आणि तेल तर आहेच, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. आई म्हणतील, गावातली कुत्री उकिरड्यावरचं खाऊन जगतात. जगतात ती आपल्याला दिसतात, मेलेली पिल्लं कोण मोजतंय?

डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही तर थोडे दिवस बिनमिठाचा, बिनमसाल्याचा गुरगुट्या भात आणि उकडलेल्या कोंबडीचं बिनचामड्याचं, बिनहाडाचं मांस. चमचाभर उकडलेला लाल भोपळा मिसळला तर शी बांधायला मदत होते. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. हे नेहमीचं जेवण नव्हे. वाढत्या पिल्लाला लागणारं कॅल्शियम वगैरे त्यात नसतं. शी घट्ट झाली की पिल्लाचं खाणं त्यात मिसळायला लाग: आधी चौथाई, दोन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, आठवड्याभरात पुरं. मधेच पातळ झालं तर एक पायरी मागे. एकदा एक खाणं ठरलं की तेच ठेव. दर आठवड्याला नवी पिशवी आणलीस तर पोट कधीच स्थिर होणार नाही.

जुनी माणसं म्हणतील, एक लंघन घडव. मोठ्या कुत्र्याला एखादा दिवस उपास सोसतो. एवढ्या लहान पिल्लाच्या रक्तातली साखर मात्र पटकन उतरते आणि ते गळून जातं, त्यामुळे उपाशी ठेवू नको. आणि पाणी कधीही काढून घ्यायचं नाही. रात्री घाण करू नये म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवायची पद्धत आहे, पण जुलाब लागलेल्या पिल्लाच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोड, ती लगेच बसली पाहिजे. हिरड्या ओलसर आणि गुलाबी पाहिजेत. कातडी हळू बसत असेल, हिरड्या चिकट लागत असतील तर दवाखाना.

बाहेर जायची शिस्त याच खाण्यातून उभी राहते. पोटात अन्न पडलं की पुढचं आतडं हलायला लागतं, ती शरीराचीच रीत आहे. म्हणून जेवणाच्या वेळा रोज त्याच ठेव आणि भांडं दिवसभर भरून ठेवू नकोस. जेवण झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत त्याला लागणारच. आमच्या चिमी कुत्रीच्या वेळी आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहीत होतो: कधी खाल्लं, कधी केली, कशी झाली. आठवड्याभरात तिचं वेळापत्रक आपोआप डोळ्यांसमोर आलं, आणि पोट बिघडायची चाहूलही आदल्या दिवशीच लागायला लागली. डॉक्टरांनाही तो कागद फार उपयोगी पडला.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपायच्या आधी, दर वेळी दोरी लावून परड्यातल्या एकाच जागी घेऊन जा. चिकूखालचा कोपरा बरा आहे. तिथं उभा राहा, बोलू नको, फोन काढू नको. हुंगू दे, हुंगणं ही तयारीच असते. गोल फिरायला लागला की ठरलेला एकच शब्द म्हण. घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाई त्याला कन्नडमध्ये "नडी" म्हणतात आणि मुलं "चल बाहेर" म्हणतात, तर दोन्हीतला एक ठरवा. झालं की लगेच, त्याच जागी, शाबासकी आणि एक घास. आत आल्यावर दिलास तर त्याला वाटतं आत यायचं बक्षीस मिळालं. मग दोन मिनिटं खेळू दे. काम झालं की लगेच आत कोंडतात असं त्याच्या मनात बसलं तर तो काम लांबवत राहील.

तो घास कुठला, हे फार महत्त्वाचं आहे. मुलं त्याला ग्लुकोजची बिस्किटं देतात, शेजारचे शेव देतात, आणि शिकवता शिकवता पोट पुन्हा ढासळतं. बक्षीस त्याच्याच ताटातलं हवं. सकाळी दिवसभराची उकडलेली कोंबडी मोजून घे, त्यातले करंगळीच्या नखाएवढे तुकडे वेगळे काढ, आणि संपले की संपले.

आत असताना तो तुमच्या डोळ्यांसमोर पाहिजे. सोप्याच्या एका कोपऱ्यात फळ्या लावून त्याची जागा कर, एका बाजूला अंथरूण, दुसऱ्या बाजूला जुनं गोणपाट. कुत्रं झोपायची जागा सहसा घाण करत नाही, पण जुलाब असताना बंद पिंजऱ्यात अडकवलंस तर नाइलाजानं करावी लागते, आणि ती लाज एकदा मोडली की पुढे शिकवणं जड जातं. म्हणून पोट बरं होईपर्यंत पिंजरा नको, मोकळा कोपराच ठीक. रात्री त्याला तुझ्या खाटेजवळ झोपव. कुईकुई ऐकू आली की दिवा मोठा न करता, लाड न करता परड्यात नेऊन परत झोपवायचं.

घाण झालीच तर नाक घासायचं नाही, वर्तमानपत्राची सुरळीही नको. झालेल्या गोष्टीचा आणि मारण्याचा संबंध त्याला लागत नाही. तू समोर असताना करायचं नाही एवढंच तो शिकतो, आणि मग कपाटामागे जाऊन करतो. परड्यात तुझ्यासमोर करायलाही तो बिचकतो. आईंनी रागावून दोनदा घासलं असं तू म्हणालास. तो परड्यात नुसता हुंगत का बसतो, याचं एक कारण मला तिथंच दिसतं. आईंना माझा नमस्कार सांगून हे हळू सांग.

पुसायच्या बाबतीत, तुमची जुनी शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांत सगळं मुरतं. वरून फिनेल ओतलं की आपल्याला फिनेलचा वास येतो, त्याला मात्र खालचा येतो आणि तो पुन्हा तिथंच बसतो. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले की फिनेल पोटात, आणि पोट आणखी बिघडतं. अमोनियाचं क्लीनर तर नकोच, त्याचा वास लघवीसारखाच. आधी कागदानं उचल, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून थोडा वेळ मुरू दे, नाहीतर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात, आणि शेवटी साध्या पाण्यानं पुसून कोरडं कर. परड्यातली शीही रोज उचल. पिल्लाचे जंत मुलांना होऊ शकतात, त्यामुळे हात साबणानं धुणं आलंच.

पावसाचं म्हणशील तर या महिन्यात त्याला बाहेर जायचा कंटाळा येणारच. मुधोळ कुत्र्याच्या अंगावर ना चरबी ना दाट केस, त्याला गारठा लगेच लागतो. परड्याच्या दाराला लागून पत्र्याचा आडोसा कर, खाली माती टाक. आणि साचलेलं पाणी चाटू देऊ नकोस. त्यात उंदराचं मूत मिसळलं की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा, धोका असतो, पोट तर बिघडतंच.

"शिकारी जात घरात शिकत नाही" असं कुणीतरी तुला सांगितलं म्हणे. ऐकू नकोस. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि तिची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ साली पोस्टानं तिचं तिकीट काढलं, २०१६ मध्ये लष्करानं मीरतच्या केंद्रात तिची पिल्लं प्रशिक्षणाला नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठी केंद्रही आहे. जातीबद्दल काही अडलं तर तिथं विचारता येईल. लष्करात शिकणारी जात परड्याचं दार शिकणार नाही? पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत चुका होत राहतील, तेवढं धरून चाल.

पुढे गणपती येतायत. पाहुण्यांच्या हातांवर आत्तापासून लक्ष ठेवायला मुलांना शिकव. बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, एखाददुसराही नको. चॉकलेट नको. कुंदा म्हणजे नुसता खवा आणि साखर, तोही नको. मी येताना कुंदा आणीन, पण तो तुमच्यासाठी.

पुढच्या रविवारी मी निपाणीला येतोय. चिमीच्या वेळच्या कोपऱ्याच्या लाकडी फळ्या आमच्या माळ्यावर आहेत, त्या गाडीत घालून आणतो, तू नव्या करून घेऊ नकोस. उद्या दवाखान्यातून आलास की राणाचं वजन किती भरलं, तपासणीत काय निघालं आणि कुठलं औषध दिलं हे मला रात्रीपर्यंत कळव. आणि आजपासूनच कॅलेंडरवर लिहायला सुरुवात कर, आल्यावर आपण दोघं बसून बघू.

आईंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत

ता. क. जंताचं औषध दिल्यावर एक-दोन दिवस शीत जंत पडलेले दिसतील, कधी कधी जिवंतही. वहिनींना आधी सांगून ठेव, म्हणजे घाबरणार नाहीत.