अपडेटनंतर फोन मध्येच कट होतोय त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

अपडेट झाल्यापासून बोलता बोलता कॉल कट होतोय, म्हणून लगेच नवा फोन घ्यायला निघू नका. अपडेटमध्ये नेटवर्कची एखादी सेटिंग बदलली गेली असण्याची शक्यता जास्त आहे. कॉल कधी कट होतो ते आधी बघा, उपाय त्यावरच ठरतो.

आई, फोन कानाला लावल्यावरच कट होतो, की स्पीकरवर ठेवला तरी होतो? फोनच्या वरच्या कडेला एक सेन्सर असतो. फोन कानाशी नेला की तो स्क्रीन बंद करतो. त्यावर धूळ बसली किंवा स्क्रीनगार्डची कड आली, तर तो नीट चालत नाही. कधी स्क्रीन चालूच राहते आणि गालाने लाल बटण दाबलं जातं. कॉल चालू असताना त्या कडेवर तळहात धरून बघ. स्क्रीन काळी झाली नाही, तर कोरड्या मऊ कापडाने पूस, गार्ड काढून बघ. मग नेटवर्कच्या वाटेला जाऊच नकोस.

बाबा, तुमचा कॉल घरातून बाहेर पडताना कट होत असेल, तर संशय वाय-फाय कॉलिंगवर घ्या. घरात कॉल वाय-फायवरून चालतो, बाहेर पडलात की तो टॉवरच्या ४जीवर जायला हवा. व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलायची सोय, बंद असेल तर तो तिकडे जात नाही, तुटतो. सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, तिथे व्होल्टी किंवा ४जी कॉलिंग चालू करा. तरीही तुटला, तर वाय-फाय कॉलिंग बंद ठेवून बघा.

कुठेही कट होत असेल, तर फोन एकदा बंद करून चालू करा. मग विमान मोड ३० सेकंद चालू ठेवून बंद करा. पुढची पायरी, फोन बंद करून सिम काढा, सोनेरी बाजू कोरड्या कापडाने पुसून परत घाला. तेवढ्याने भागलं नाही तर ५जीऐवजी ४जी निवडा. ५जीचा सिग्नल कमजोर असला की फोन सारखा ५जी-४जी करत राहतो. एका वेळी एकच बदल करा आणि दिवसभर वापरून बघा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

शेवटचा उपाय ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. फोटो, नंबर, मेसेज जात नाहीत, पण वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, म्हणून पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवा. त्याच यादीत ‘सगळा डेटा पुसा’ असतं, काही फोनांत ‘ई-सिम पुसा’सुद्धा. त्यांना हात लावू नका. वाचताना जरा जरी गोंधळलात, तरी आधी मला फोन करा.

एवढं करूनही कट होत असेल, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बोलून बघा. तिथेही तुटला तर दोष सिमचा किंवा टॉवरचा, तेव्हा सिम कंपनीकडे तक्रार करा. तिथे नीट चालला तर फोनचं आणखी एखादं छोटं अपडेट आलंय का बघा, नसेल तर सर्व्हिस सेंटर.

आणि कोणी आपणहून फोन करून ‘तुमचं नेटवर्क दुरुस्त करून देतो’ म्हणालं, तर ओटीपी सांगू नका, तो सांगेल ते ॲप घेऊ नका. सरळ कॉल बंद करा.

तुमची लेक