घर हलवताना ताडपत्रीआधी खोके बघा

महोदय,
पहिल्या फ्लॅटमध्ये जाणारी जोडपी जूनच्या तोंडावर सामान बांधतात, तेव्हा नुकसान बहुधा खोक्यांपासून सुरू होतं. कोकणातल्या दमट हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि उचलताना तळ सुटतो. म्हणून तळाला चिकटपट्टी आडवी-उभी दोन्हीकडून मारावी. पुस्तकं लहान खोक्यांतच भरावीत, १५ किलोंच्या वर नको. लोणच्याच्या बरण्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून उभ्या ठेवाव्यात. गादीला प्लास्टिक टेम्पोत चढवतानाच घालावं. आदल्या रात्रीपासून गुंडाळली तर आत बुरशी धरते.

कपाट, वॉशिंग मशीन केबिनच्या पाठीला टेकवून दोरीने आवळावं. परशुराम घाटाच्या चढणीला सैल सामान मागे सरकतं आणि सगळा भार फाळक्यावर येतो. फ्रीज उभाच न्यावा. आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं; मग पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच चालू करावा.

भरलेला सिलिंडर टेम्पोत अजिबात नको. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्यावा, नव्या ठिकाणी तोच लागतो. आणि कपाटाचं माप जिन्याच्या वळणाशी आधीच ताडून पाहावं, कारण उतरवलेलं कपाट पावसात भिजत राहतं.

— एक वाचक, चिपळूण