गोणीतले अकरा बोल्ट

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमची नात वाचून दाखवेल. चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला रुचत नाही, तरी मी हे चारचौघांतच लिहितोय. रविवारी गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही आणि तुम्ही हात पुसत "चला, चहा घेऊ" म्हणून निघालात. त्या वेळी जे बोलायचं राहिलं, ते हे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. गाडी माझ्या मामाची. एमजी टीडी, म्हणजे मॉरिस गॅरेजेस या इंग्लिश कंपनीची, 1951 ची, दोन माणसांची, उघड्या टपाची. मामा गोदीत नोकरीला होता आणि त्यानेही ती जुनीच घेतली होती. मी सहा-सात वर्षांचा असताना सीटच्या मागच्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसायचो आणि माझगावहून चौपाटीपर्यंत वारा खात जायचो. 1979 मध्ये मामाने ती विकली, मग तिचा ठावठिकाणा लागला नाही. 2018 च्या मे महिन्यात माझगावच्याच एका वाडीत, पत्र्याच्या शेडखाली, फाटक्या ताडपत्रीतून एक गोल दिवा माझ्याकडे बघत होता. जवळ गेलो. डॅशबोर्डवर मामाने दोन स्क्रूंनी बसवलेला पितळेचा गणपती तसाच होता, हिरवा पडलेला. ज्यांच्या दारात ती उभी होती त्या आंटींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भंगारवाल्याने सांगितलेल्या भावातच ती मला दिली. त्यांचेही उपकार आहेत.

पुढचं दीड वर्ष आठवलं की अजून जीव जळतो. जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणवणाऱ्या उपनगरातल्या एका गॅरेजने आगाऊ पैसे घेतले आणि गाडी चौदा महिने ठेवून घेतली. अख्खा पावसाळा तिने उघड्यावर काढला. टीडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर बसवलेला असतो, मुंबईच्या पावसात त्याचं काय होणार हे वेगळं सांगायला नको. बॅटरी उलटी जोडली, कारण त्या काळच्या इंग्लिश गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या अंगाला जोडतात, याचा त्यांना पत्ताच नव्हता. बोल्ट फिरेनात म्हणून पान्याला पाइप लावून पिळले. आटे गेले, हेडचे दोन स्टड तुटले. शेवटी "इंजिन संपलंय, पार्ट मिळत नाहीत" असं सांगून गाडी आणि एक गोणी माझ्या हवाली केली. निम्मं इंजिन त्या गोणीत होतं. वर उरलेलं बिलही होतं आणि ते मी भरलं. मग टाळेबंदी आली. गाडी मित्राच्या गाळ्यात आणि गोणी आमच्या जिन्याखाली पडून राहिली.

काका, तुमचं नाव मला आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं. परळच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, फिटर होते, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्यानंतर पुन्हा आत गेले नाहीत, आता लालबागला पुतण्याच्या लेथवर बसतात, एवढंच तो म्हणाला. मोटारीचं काम तुम्ही कधी केलं नव्हतं आणि ते तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलंत. दीड वर्षात "मला येत नाही" म्हणणारा पहिला माणूस मला तेव्हा भेटला, आणि का कोण जाणे, तिथेच माझा विश्वास बसला.

तुम्ही गोणीतला एक बोल्ट उचललात, चिंधीने पुसलात, डोक्याला पाना लावून पाहिलात. मग आट्यांवरून नख फिरवलंत आणि थांबलात. "डोकं इंची आणि आटे मिलिमीटरचे. हे कोणी केलं?" मी नंतर वाचलं. हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना 1923 मध्ये एमजीच्याच घरातल्या मॉरिसने घेतला. यंत्रं फ्रेंच मापाची, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडच्या मेकॅनिकांकडचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाची. एमजीच्या या 1250 सीसी इंजिनापर्यंत तीच रीत चालत आली. हे न कळल्यामुळेच गॅरेजवाल्यांनी भलतेच बोल्ट त्या भोकांत कोंबून पिळले होते. तुम्हाला ते नखाला कळलं. आणि लँकेशायरच्या साच्यांसाठी वापरलेले व्हिटवर्थ पाने तुम्ही चाळीस वर्षं ट्रंकेत तेल लावून जपले होते.

पुढे सात महिने तुम्ही काय काय केलंत ते मी लिहीत बसत नाही. अर्धं मला समजलंही नाही. सुताराने सांगाडा सांधला, नवे स्टड तुमच्या लेथवर निघाले. तुम्ही पैसे घेतलेत, ते हिशेबाने घेतलेत. कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेला तो हिशेब मी ठेवून दिलाय.

पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या शनिवारचं.

तुम्ही गोणी वर्तमानपत्रावर रिकामी केली होती. एकेक नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, आट्यांचं अंतर मोजणारं पिच गेज लावून, चहाच्या रिकाम्या डब्यांत घालत होतात. दोन तास तुम्ही मान वर केली नाही. शेवटी एका बाजूला अकरा बोल्ट आणि कार्ब्युरेटरचा एक पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, उरला. म्हणालात, "हे तुमच्या गाडीचं नाही. बोल्ट जीपचे वाटतात." मी म्हटलं, टाकून द्या. तुम्ही काही बोलला नाहीत. ते अकराच्या अकरा पुन्हा पुसलेत, त्यांना तेलाचं बोट लावलंत, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलेलं नाही ना ते पाहिलंत, सगळ्याची कागदात नीट पुडी बांधलीत, वर सुतळी, आणि माझ्या हातात ठेवलीत. "त्या गॅरेजात देऊन या. कुणाची तरी गाडी अडली असेल."

ज्यांनी मला लुबाडलं, माझी गाडी भिजवली, त्यांच्या दारात मी जायचं? रात्रभर मला झोप नव्हती. खरं सांगतो काका, तुमचा रागही आला. पण सकाळी गेलो. टेबलावरच्या माणसाने पुडी घेतली, खणात टाकली, माझ्याकडे पाहिलंही नाही. ते बोल्ट ज्याचे त्याला मिळाले की नाही, देव जाणे. बाहेर येऊन रिक्षात बसलो, तेव्हा दीड वर्ष छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं.

तो जीपवाला तुमचा कोण? तुम्ही त्याला कधी पाहणारही नाही. गिरणी बंद पडली, देणी वर्षानुवर्षं अडकली, हक्काचं तुम्हाला पुरतं मिळालं नाही, आणि परक्याचे अकरा बोल्ट घरात राहू नयेत म्हणून तुमचा जीव खालीवर होत होता. अशी माणसं लालबाग-परळच्या खोल्याखोल्यांतून राहतात. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. मुंबई अजून चालते ती त्यांच्यामुळे, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी किल्ली फिरवली तेव्हा आधी गाडीतल्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची टकटक सुरू झाली. भराभर, मग सावकाश, मग थांबली. लहानपणी मी ती टकटक मोजायचो. मामा म्हणायचा, "थांबली की ती तयार झाली." तुम्ही बोट वर करून मला गप्प बसवलंत, टकटक थांबेस्तोवर ऐकलंत, मग मान हलवलीत. मी स्टार्टरची मूठ ओढली. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

शनिवारी सकाळी सहा वाजता गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येतो. तुमच्या आधी काकूंना चौपाटीला फिरवून आणणार आहे, सात महिने त्यांनी तुमचे तेलकट सदरे धुतले. त्यांना म्हणावं, टप उघडा असतो, पदर घट्ट खोचा. त्या परत आल्या की तुम्ही या, आणि येताना पाने घेऊन या. डाव्या बाजूने बारीक खडखड येतेय.

तुमचा,
माझगावचा भाचा