औषध नाही म्हणता, मग रक्तदाब कशाला लिहू देता?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, दूधप्रथिनांच्या डब्यावर छापलेल्या रक्तदाबाच्या दाव्याविरुद्ध आम्ही केलेल्या तक्रारीला अखेर उत्तर आले. एका ओळीचे. 'सदर उत्पादन औषध नसल्याने तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' त्या संबंधित विभागानेच ती तुमच्या औषधवाल्यांकडे धाडली होती, साहेब. आता पुन्हा तिकडे. चालू द्या.

माझे वडील रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणारे गृहस्थ. मग घरात दूधप्रथिनांचा डबा आला. दर्शनी बाजूला ठसठशीत अक्षरांत: 'दुधातील बायोअ‍ॅक्टिव्ह पेप्टाइड्स, रक्तदाबावर नैसर्गिक ताबा.' मागे तळाशी मोहरीएवढ्या अक्षरांत: 'हे औषध नाही.' अण्णांनी पुढचे वाचले आणि गोळी सोडली. अर्धांगाचा झटका आला. आज शर्टाची गुंडी आई लावते. तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे बघत उभे राहतात. या माणसाने आयुष्यभर कुणाला साधे पाणी मागितले नव्हते.

पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा बारीक तुकडा, हे थोतांड असते तर एवढा राग आला नसता. दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकससारखे जिवाणू दूध आंबवतात तेव्हा केसीनचे असे तुकडे पडतात. त्यातले व्हीपीपी आणि आयपीपी, तीन-तीन अमिनो आम्लांचे, रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतल्या एसीई या विकराला अडवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही तेच करतात, पण कितीतरी जोराने. या तुकड्यांनी चाचण्यांत जपानी लोकांचा रक्तदाब थोडाफार उतरला, युरोपीय लोकांचा जेमतेम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा अपुरा म्हणून दावा नाकारला. आमच्याकडे तोच दावा डब्यावर, तोही ताबा वगैरे शब्दांत. दहातल्या नऊ डब्यांवर असलेच काहीतरी असेल. मी मोजले नाहीत. मोजायचा पगार मला मिळत नाही.

तुमच्या खात्याला हे कळत नाही असेही नाही. २१ ऑगस्ट २०२४ रोजी तुमच्याच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दुधाच्या पाकिटांवरचे 'ए१', 'ए२' दावे काढायला सांगितले. फरक काय, तर बीटा-केसीन या केसीनच्या एका प्रकारात ६७व्या जागचे अमिनो आम्ल 'ए१'मध्ये हिस्टिडीन, 'ए२'मध्ये प्रोलीन. 'ए१'मधून निघणाऱ्या बीसीएम-७ पेप्टाइडचा आजारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे युरोपने २००९मध्येच सांगून टाकले होते. आम्ही म्हटले, चला, कुणीतरी जागे झाले. २६ ऑगस्टला आदेश मागे! सल्लामसलत करायची आहे म्हणे. पाच दिवसांत तुम्हाला भेटायला कोण कोण आले, हे विचारायची सोय नाही. आम्ही भेटायला आलो तर गेटवरचा शिपाई पास मागतो.

एकूण कारभारच असा. दावा छापणारा मोकळा, विकणारा मोकळा, वाचणारा मूर्ख. वर तुमचे अधिकारी ऐकवतात, ग्राहकाने जागरूक राहावे. मग तुम्ही कशाला आहात?

मागणी लहानच आहे. ज्या डब्यावर 'औषध नाही' लिहावे लागते, त्यावर रोगाचे नाव छापू देऊ नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. असल्या डब्यांपोटी आजवर किती वसूल केला, तो आकडा जाहीर करा. शून्य असेल तर शून्य लिहा.

कळावे,
एक मतदार